पोटरीतल्या भातात गुणसूत्रे आपला जोडीदार कसा शोधतात

ऑगस्टच्या अखेरीस गोव्यातल्या सरद, म्हणजे पावसाळी, भाताच्या शेताच्या बांधावर उभे राहिले, तर बाहेरून फारसे काही घडताना दिसत नाही. पाने हिरवीगार असतात, लोंबी अजून बाहेर पडलेली नसते, आणि शेतकरी एवढेच सांगतो की भात पोटरीला आले आहे. पोटरी म्हणजे वरच्या पानाचा खोडाभोवती गुंडाळलेला, फुगीर झालेला भाग. नखाने तिला उभी चीर दिली तर आत पांढुरकी, ओलसर, बोटाला मऊ लागणारी लोंबी दिसते. तिच्यावरच्या प्रत्येक इवल्या फुलात सहा परागकोश असतात आणि त्या परागकोशांतल्या काही पेशींमध्ये, आपण चीर देतो त्याच सुमारास, अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन, चाललेले असते. पोटरीच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर दाणे पोचट निघतात, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याचे एक कारण असे की पराग घडण्याचा हा टप्पा भाताच्या सगळ्या आयुष्यातला फार नाजूक टप्पा आहे.

भाताच्या सर्वसाधारण पेशीत 24 गुणसूत्रे असतात. त्यांपैकी 12 बीजांडाकडून आलेली आणि 12 परागकणाकडून आलेली, म्हणजे एकूण 12 जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन गुणसूत्रांवर त्याच जनुकांची त्याच क्रमाने मांडणी असते. तपशिलात मात्र थोडाफार फरक असू शकतो. अशा दोघांना समजात गुणसूत्रे म्हणतात. मूळ, खोड आणि पान वाढताना पेशी आपल्या सर्व गुणसूत्रांची नक्कल करते आणि दोन्ही कन्यापेशींना 24-24 वाटून देते. पराग आणि बीजांड घडवताना हा हिशेब चालत नाही, कारण 24 आणि 24 एकत्र आले तर पुढच्या पिढीत 48 होतील, त्यापुढे 96. म्हणून संख्या निम्मी करावी लागते.

निम्मी करणे ऐकायला सोपे वाटते, पण खरी अडचण पुढेच आहे. 24 मधली कोणतीही 12 उचलून चालत नाहीत. प्रत्येक जोडीतले एक आणि एकच यायला हवे. एखाद्या जोडीतली दोन्ही आली आणि दुसरीतले एकही आले नाही, तर बेरीज बारा होईल, तरी तो पराग बहुधा निकामी ठरेल. जोडीतले एक इकडे आणि एक तिकडे पाठवायचे असेल, तर जोडी कोणाची कोणाशी आहे हे आधी ठरायला हवे, आणि बहुतेक वनस्पतींच्या साध्या पेशीत समजात गुणसूत्रे एकमेकांशेजारी राहत नाहीत. केंद्रकात जो तो आपापल्या जागी असतो. अर्धसूत्री विभाजनाची सगळी लांबलचक पूर्वावस्था, म्हणजे त्याचा सुरुवातीचा टप्पा, या एका शोधासाठी खर्ची पडते. गव्हात हे विभाजन साधारण 24 तासांत आटोपते, तर काही लिलींमध्ये त्याला सुमारे आठ दिवस लागतात, आणि त्यातला बहुतांश काळ या पूर्वावस्थेचाच असतो.

शोधाची अडचण किती मोठी आहे, हे मोजमापाने नीट कळते. भाताच्या पेशीतला डीएनए नक्कल झाल्यानंतर सरळ ताणून धरला तर सुमारे अर्धा मीटर भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. या गुंत्यात तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राने दुसरे तिसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र हुडकायचे असते. पेशीला डोळे नाहीत आणि गुणसूत्रांवर पाट्याही लावलेल्या नाहीत. ओळख पटवण्याचे साधन एकच आहे, ते म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, आणि तो क्रम तर दुहेरी सर्पिलाच्या आत तोंडाला तोंड लावून मिटलेला असतो.

पहिली तयारी म्हणजे गुणसूत्रांना आकार देणे. नक्कल झाल्यावर प्रत्येक गुणसूत्र दोन हुबेहूब धाग्यांचे बनते आणि कोहेसिन नावाची प्रथिने कड्यांसारखी अडकून हे दोन भगिनी धागे एकत्र धरून ठेवतात. मग गुणसूत्राच्या लांबीभर प्रथिनांचा एक कणा उभा राहतो आणि डीएनएचे फास त्या कण्याला ओळीने टांगले जातात. सैल पसरलेला धागा असा शिस्तीत आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुतांसारखी गुणसूत्रे दिसू लागतात. या टप्प्याला लेप्टोटीन म्हणतात. भातात कण्याच्या उभारणीशी संबंधित प्रथिनांची नावेच पेअर-2 आणि पेअर-3 अशी आहेत, कारण ती बिघडलेल्या रोपांत जोड्याच जमत नाहीत आणि रोप वांझ राहते.

त्यानंतरची हालचाल मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणी वाटते. सुंभाच्या दोऱ्यांचा गुंता सोडवायला बसलेला माणूस मधूनच कुठेतरी ओढत नाही. आधी टोके शोधून ती एका हातात धरतो. केंद्रकातही तसेच होते. गुणसूत्रांची टोके, ज्यांना टेलोमिअर म्हणतात, केंद्रकाच्या पटलाला आतून चिकटतात आणि सरकत सरकत पटलाच्या एका बाजूला गोळा होतात. मक्यात हे दृश्य स्पष्ट दिसते: सगळी टोके एका जागी आणि उरलेले धागे तिथून पसरलेले, जणू देठाशी धरलेला फुलांचा गुच्छ. म्हणून या रचनेला गुच्छरचना म्हणायची पद्धत आहे. पटलात बसलेली सन नावाची प्रथिने आतल्या टोकांना धरतात आणि पटलातल्याच दुसऱ्या प्रथिनांमार्फत बाहेरच्या पेशीद्रव्यातल्या तंतूंशी जोडली जातात. त्यामुळे बाहेरची ओढ आत पोहोचते आणि गुणसूत्रे केंद्रकात हलत, घुसळत राहतात. टोके जवळ आल्याने शोधाचे क्षेत्र आकसते, हालचालीमुळे भेटीगाठी वाढतात, आणि चुकून अडकलेले धागे सुटायलाही मदत होते. सर्व वनस्पती हे अगदी एकाच तऱ्हेने करतात असे मात्र नाही. मोहरीच्या कुळातले अरॅबिडॉप्सिस नावाचे छोटे तण प्रयोगशाळांमध्ये फार वापरले जाते, आणि त्यात टोके आधी पटलाशी न जमता केंद्रकाच्या आतल्या केंद्रकी नावाच्या गोळ्याभोवती गोळा होतात.

जवळ येण्याने ओळख पटत नाही. ती पटवण्यासाठी पेशी जे करते ते प्रथम वाचले तेव्हा मला खरे वाटले नव्हते: ती स्वतःचाच डीएनए शेकडो ठिकाणी तोडते. एरवी डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणे हा पेशीवरचा मोठा आघात असतो. क्ष-किरणांचा मारा झाला तर तसे होते. इथे मात्र एसपीओ-11 नावाचे प्रथिन आपल्या जोडीदार प्रथिनासह हे तुकडे मुद्दाम पाडते. अरॅबिडॉप्सिसच्या एका पेशीत असे साधारण 150 ते 250 छेद होतात, आणि मक्यात सुमारे 500.

तोडण्यामागचे कारण असे. छेद पडल्यावर तुटलेल्या टोकांचा एकेक धागा कुरतडला जातो आणि दुसरा उघडा पडतो. मिटलेले अक्षर आता वाचता येते. या उघड्या शेपटीवर रॅड-51 आणि डीएमसी-1 ही प्रथिने दाटीने बसतात आणि ती शेपटी शेजारच्या डीएनएत शिरकाव करून आपल्या क्रमाशी जुळणारा क्रम आहे का, हे चाचपू लागते. जुळला नाही तर मागे फिरते आणि दुसरीकडे शिरते. जुळला, तर तो तुकडा नमुना म्हणून वापरून तूट भरून काढते. सर्वांत जवळचा नमुना खरे तर भगिनी धागाच असतो आणि साधी पेशी अशी दुरुस्ती त्याच्यावरूनच करते. अर्धसूत्री विभाजनात मात्र कण्यावरची प्रथिने आणि डीएमसी-1 मिळून ही दुरुस्ती भगिनीकडून न होता समजात गुणसूत्राकडून व्हावी, असा कल ठेवतात. जखम भरायला परक्याच्या दारात जावे लागावे, म्हणजे ओळख होईल, असा हा बंदोबस्त आहे.

एका ठिकाणी जुळले म्हणून जोडी पक्की होत नाही, कारण एकसारख्या अक्षरांचे तुकडे गुणसूत्रांवर जागोजागी विखुरलेले असतात. पण एकाच गुणसूत्राच्या लांबीवर दहा-वीस ठिकाणी, त्याच क्रमाने, समोरच्याशी जुळणी झाली, तर तो जोडीदारच असणार. झायगोटीन टप्प्यात या जागांपासून दोन्ही कण्यांच्या मध्ये प्रथिनांची आडवी वीण सुरू होते आणि पर्सची चेन ओढावी तशी ती लांबीभर बंद होत जाते. ही चेन पूर्ण लागली की पॅकिटीन हा टप्पा आला. चेनीतले मधले प्रथिन भातात झेप-1 आणि अरॅबिडॉप्सिसमध्ये झिप-1 म्हणून ओळखले जाते.

शेकडो छेदांपैकी बहुतेक मुकाट्याने भरून येतात. काही मोजक्या ठिकाणी मात्र दुरुस्ती अशा रीतीने होते की दोन समजात गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात. हेच क्रॉसिंग ओव्हर. अरॅबिडॉप्सिसच्या पेशीत पाच जोड्या मिळून सुमारे दहा, मक्यात दहा जोड्या मिळून साधारण वीस. या अदलाबदलीचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा 1931 मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यातच दिला. त्यांनी असे झाड निवडले की ज्याच्या नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या एका टोकाला ठळक गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला परक्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता, तर जोडीदार मात्र साधाच होता. दाण्याचा रंग आणि दाण्याचा मेणचटपणा ठरवणारी जनुके याच गुणसूत्रावर. दाण्यांत गुणांची नवी सांगड दिसली तिथे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्राच्या खुणांचीही नवी सांगड दिसली. मिरामारच्या किनाऱ्यावर भाजलेले कणीस हातात घेतले की मला हा प्रयोग आठवतो. माझे विद्यार्थी आता त्यावर हसतात.

ही अदलाबदल कोठेही, कितीही होत नाही. एका जागी झाली की तिच्या जवळपास दुसरी सहसा होत नाही, आणि प्रत्येक जोडीत निदान एक तरी होतेच. हे अंतर राखले कसे जाते, याचे एक पटण्याजोगे उत्तर 2021 मध्ये अरॅबिडॉप्सिसवरच्या कामातून पुढे आले. एचईआय-10 नावाचे प्रथिन चेनीच्या लांबीवर बारीक थेंबांसारखे पसरते. मग मोठे थेंब लहानांना आपल्यात ओढून घेतात आणि शेवटी दूरदूरचे थोडेच टपोरे थेंब उरतात. जिथे थेंब उरला तिथे अदलाबदल. पावसात विजेच्या तारेवर पाणी लोंबकळते तेव्हा साधारण असेच होताना दिसते, फक्त तिथे कारणे वेगळी असतात. त्याच वर्षी असेही दिसले की झिप-1 काढून टाकले तर अदलाबदली कमी न होता वाढतात, पण त्यांच्यातले अंतर पाळले जात नाही आणि एखादी जोडी कोरडीच राहून जाते.

कोरडी राहिली तर काय बिघडते? चेन कायमची नसते. डिप्लोटीन टप्प्यात ती उकलते आणि तेव्हा दोन समजात गुणसूत्रांना एकत्र धरणारे दुवे म्हणजे अदलाबदलीच्या जागा आणि त्यांच्या भोवतीचे कोहेसिन एवढेच उरतात. जोड्या पेशीच्या मध्यावर येतात, दोन ध्रुवांकडून तंतू त्यांना ओढू लागतात, आणि रस्सीखेचीत दोर मध्ये ताणला जावा तसा त्या दुव्यावर ताण येतो. एक गुणसूत्र या ध्रुवाशी आणि दुसरे त्या ध्रुवाशी बांधले गेले आहे, याची पेशीला पटणारी खूण म्हणजे हा ताण. दुवाच नसेल तर दोघेही सुटे असतात आणि कोण कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही.

पुढचे थोडक्यात सांगता येते. पहिल्या विभाजनात गुणसूत्रांच्या भुजांवरचे कोहेसिन कापले जाते आणि समजात गुणसूत्रे वेगळी होतात. गुणसूत्रबिंदूजवळचे, म्हणजे ओढणारे तंतू गुणसूत्राला जिथे धरतात त्या जागेजवळचे, कोहेसिन मात्र शुगोशिन नावाचे प्रथिन राखून ठेवते, म्हणून भगिनी धागे अजून बरोबरच जातात. दुसऱ्या विभाजनात तेही कापले जाते. एका पेशीच्या चार पेशी होतात, प्रत्येकीत 12 गुणसूत्रे.

या वाटणीत कोणत्या जोडीतले कोणते गुणसूत्र कोणत्या बाजूला जाईल, हे नशिबावर असते. भाताच्या 12 जोड्यांची वाटणी 4096 प्रकारे होऊ शकते. माडाला 16 जोड्या आहेत, तिथे 65,536 प्रकार. आंब्याला 20 जोड्या, म्हणजे दहा लाखांहून अधिक, आणि यात क्रॉसिंग ओव्हरमुळे होणारी सरमिसळ धरलेलीच नाही. म्हणून तर मानकुरादची बाठ रुजवून मानकुराद मिळेल असे कोणी सांगत नाही. या आंब्याचे नाव वाईट रंगाचा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले असे सांगतात. रंगाचे काहीही असो, चवीची हमी हवी तर कलमच लावावे लागते, कारण कलमात हे विभाजन मध्ये येत नाही. काही आंब्यांच्या बाठीतून मातृवृक्षासारखीच रोपे येतात, पण ती बाठीतल्या मातेच्या साध्या ऊतींपासून उगवलेली असतात. माडाला कलमाची सोय नाही. बाणावलीच्या माडाचा नारळ रुजत घातला, तरी त्याच पोईतली नरफुले मादीफुलांच्या आधी आटोपलेली असल्याने पराग बहुधा दुसऱ्या माडाचा असतो, आणि दोन्हीकडची पत्त्यांची पिसणी रोपात उतरते. एकाच बियाण्याचे म्हणून लावलेले माड पुढे सारखे धरत नाहीत, यात रोपवाटिकेचा दोष असतोच असे नाही.

मग खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला, कोरगुट हा भात पिढ्यान्‌पिढ्या कोरगुटच कसा राहिला? अर्धसूत्री विभाजन त्याच्यातही तसेच होते, छेद पडतात, जोड्या जमतात, तुकडे बदलले जातात. पण भात बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे अनेक पिढ्यांनंतर जोडीतली दोन्ही गुणसूत्रे जवळजवळ सारखीच होऊन बसतात. सगळी पाने एकाच रंगाची असली तर कितीही पिसली तरी डाव तोच पडतो. कोरगुटाचा खारेपणा सोसण्याचा गुण जास्त उत्पन्नाच्या वाणात आणायचा म्हटले, म्हणजे दोघांचा संकर केला, तर मात्र पिसणीला अर्थ येतो. तिथे पैदासकाराला एक जुनी कटकट भेटते. अदलाबदली गुणसूत्राच्या लांबीवर सारख्या वाटलेल्या नसतात. गुणसूत्रबिंदूच्या आसपास त्या फारच थोड्या होतात. हवे असलेले जनुक तिथे बसले असेल, तर त्याच्या शेजारचे नको असलेले जनुकही त्याच्याबरोबर येते आणि ते सोडवता सोडवता पिढ्या जातात.

जोडीची अट किती कडक आहे, हे केळे सोलताना रोज आपल्या हातात असते. आपण खातो ती बहुतेक केळी त्रिगुणित आहेत. त्यांच्या पेशीत 11 प्रकारची गुणसूत्रे प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण 33. तिघांत जोडी कशी लावायची? कधी तिघे एकत्र गुंततात, कधी दोघांचे जमते आणि तिसरे एकटे पडते. सोयीसाठी असे धरू, की प्रत्येक त्रिकुटातली दोन एका ध्रुवाला आणि एक दुसऱ्याला जाते. मग अकराही त्रिकुटांची वाटणी एकाच पद्धतीची होऊन नीट 11 किंवा नीट 22 गुणसूत्रे मिळण्याची शक्यता 1024 मध्ये 1 एवढीच येते. बाकीच्यांत कुठे कमी, कुठे जास्त. केळ्यात बी न धरण्याची इतर कारणेही आहेत, आणि बीजधारणेवाचून फळ फुगण्याचा गुण तर वेगळाच. पण गरातले काळे ठिपके म्हणजे न झालेल्या बिया आहेत, त्यामागे या तिघांचा न मिटणारा वाद मोठा आहे. म्हणून कुळागरात केळीची लागवड मुनव्यांनीच होते.

गव्हाची अडचण याच्या उलट. पोळीच्या गव्हात 42 गुणसूत्रे असतात आणि ती तीन वेगवेगळ्या गवतांकडून आलेली आहेत. म्हणजे प्रत्येक गुणसूत्राला एक खरा जोडीदार आणि चार जवळचे नातलग, दिसायला बरेचसे सारखे. इतक्या गर्दीत चुकीची सोयरीक व्हायला हवी, पण होत नाही. 1958 मध्ये असे दाखवले गेले की 5बी हे गुणसूत्र काढून टाकले तर नातलगही आपसांत जुळू लागतात. तिथल्या पीएच-1 या स्थानाने शिस्त राखलेली असते, आणि पुढे तपासताना तिथे झिप-4 नावाच्या जनुकाची एक जादा प्रत सापडली. तीच नातलगांमधली अदलाबदल रोखते आणि खऱ्या जोड्या लवकर जमायला हातभार लावते.

हे सगळे घरच्या कुंडीतही तपासता येते, आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी ते अनेकदा केले आहे. वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांचे रोइओ नावाचे शोभेचे झाड गोव्यात अंगणातून, पायऱ्यांच्या कडेने सर्रास दिसते. पानांच्या बेचक्यात होडीच्या आकाराचे जांभळे कवच असते आणि त्यात लहान पांढरी फुले. त्या होडीतल्या कळ्या वेगवेगळ्या वयाच्या असतात, ही मोठी सोय. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात कळ्या ठेवायच्या, नंतर लहान कळीतला परागकोश काढून ॲसिटोकार्मिन या लाल रंगाच्या थेंबात सुईने फोडायचा, काचपट्टीवर झाकणकाच ठेवून अंगठ्याने सरळ दाबायचे. अंगठा जरा सरकला की पेशी चिरडतात. कळी मोठी निवडली तर विभाजन उरकून गेलेले असते आणि नुसते परागकण दिसतात. पहिल्या वर्षी माझ्या हातून आठवडाभर हेच होत होते.

नीट जमले, की लालसर पेशीत बारा गुणसूत्रे दिसतात, पण सहा जोड्या दिसत नाहीत. बाराही टोकाला टोक लावून एक कडे करून बसलेली असतात, क्वचित कडे तुटून साखळी झालेली असते. रोइओच्या पूर्वजांत केव्हातरी गुणसूत्रांच्या टोकांचे तुकडे आपसांत बदलले गेले, आणि आता प्रत्येक गुणसूत्राचे एक टोक एका गुणसूत्राशी जुळते तर दुसरे टोक भलत्याच गुणसूत्राशी. जुळणीचा नियम टोकाटोकाने पाळत गेले की शेवटी कडेच तयार होते. विभाजनाच्या वेळी हे कडे नागमोडी होऊन एक आड एक गुणसूत्र एकेका ध्रुवाला गेले, तर सहा-सहाचे दोन पूर्ण संच मिळतात, आणि हे संच नेहमी ठरलेलेच असतात. एकाच प्रकारचे दोन संच एकत्र आलेले बीज जगत नाही. दोन्ही प्रकारचा एकेक संच मिळालेलेच जगते, त्यामुळे बियांतून उगवलेले रोइओ आईसारखेच निघते. शेजारची दोन गुणसूत्रे एकाच बाजूला गेली तर मात्र हिशेब चुकतो. त्याच होडीतले उमललेले फूल घेऊन त्याचे परागकण ॲसिटोकार्मिनमध्ये ठेवले, की काही गडद लाल आणि गरगरीत दिसतात, आणि त्यांच्यामध्ये फिकट, रिकामे, सुरकुतलेले कण दिसतात. ते या चुकलेल्या वाटणीचे.